साळवीबाईंचे गोल आणि चौकोन

माझ्या वडिलांचं तेरावं होतं. पहिली पंगत उठली होती, दुसरी बसत होती आणि मी आचाऱ्याला पुऱ्या पुरतील ना, हे विचारत होतो. तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या साळवीबाई हात पुसत माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलतील. वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट करून त्या म्हणाल्या, "सावंत, यांना बहिणी किती होत्या? आणि त्या कशाने गेल्या?"

मी म्हणालो, "बाई, आज?"

"आज उशीरच झालाय. महिनाभर आधी यांनाच विचारायला हवं होतं. आता तुम्हाला विचारावं लागतंय."

यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. माझ्याकडून मिळणारी माहिती दुय्यम प्रतीची असणार, याचं मात्र त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

डॉ. प्रमिला साळवी परळच्या एका संशोधन संस्थेत होत्या. त्या औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. इमारतीत हे कुणाच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. खोकल्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यासाठी लोक त्यांची बेल वाजवायचे आणि त्या दारातूनच सांगायच्या, "मी त्यातली डॉक्टर नव्हे. मी मोजणारी." कॅन्सर कुठल्या घरांत पुन्हा पुन्हा येतो, त्यातला किती रक्तातून येतो, किती तंबाखूतून आणि किती निव्वळ योगायोगाने, हे त्या मोजायच्या. त्यासाठी त्यांना माणसं हवी असायची. जिवंत तर हवीतच, पण मेलेली जास्त.

काम कागदावर चालायचं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आजार झाला असेल तर गोल पेन्सिलने भरायचा, माणूस गेला असेल तर त्यावर तिरकी रेघ मारायची. शाई त्या वापरत नसत. "माणसं पहिल्यांदा सांगतात ते शाईने लिहायच्या लायकीचं नसतं," असं म्हणायच्या. पर्समध्ये खोडरबर असायचं. झिजून सुपारीएवढं झालं तरी बदलत नसत. आणि कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी बाजू. पत्रिका त्या गोळा करायच्या. इमारतीत कुणाकडे पत्रिका आली की लग्न लागेपर्यंत कशीबशी थांबायच्या आणि मग मागायला यायच्या. पत्रिका खालून वर वाचायच्या. आधी 'आपले नम्र', मग निमंत्रक, मग आजी-आजोबा. नवरा-नवरी सगळ्यांत शेवटी. एकदा माझ्या बायकोला, अलकाला, त्यांनी विचारलं होतं, "या मुलीच्या दोन काकूंची नावं आहेत, तिसरीचं नाही. ती भांडली की गेली?" अलकाने पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसरी काकू भांडलेली होती.

मी विमा कंपनीच्या हिशेब खात्यात तीस वर्षं काढली आहेत. आकड्यांचं मला वावडं नाही. उलट मला वाटलं होतं, या बाईंशी आपलं जमेल. जमलं नाही, कारण माझे आकडे बेरजेपाशी थांबतात आणि त्यांचे तिथून सुरू होतात. त्यांना विचारावं, हे खाल्लं तर कॅन्सर होतो का, तर म्हणायच्या, "शंभर जण खाणारे आणा, शंभर न खाणारे आणा, वीस वर्षं थांबा." हो किंवा नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. आमच्यात कुणी म्हणालं, त्यांच्या घराण्यातच कॅन्सर आहे हो, की त्या लगेच थांबवायच्या. "घराण्यात आडनाव असतं. कॅन्सर माणसाला होतो."

सोसायटीच्या टॉवरचं प्रकरण सांगतो. आमची जुनी चाळ पाडून ही बावीस मजली इमारत झाली. गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आला. मग सातव्या मजल्यावर तिघांना कॅन्सर निघाला. लोक साहजिकच घाबरले. टॉवर काढा म्हणून अर्ज तयार झाला आणि चेअरमन म्हणाले, पहिली सही साळवीबाईंची घेऊ, संस्थेतल्या आहेत, वजन पडेल. सभेत त्यांनी अर्ज वाचला आणि तिघांपैकी प्रत्येकाला कुठला कॅन्सर, कधीपासून, हे विचारायला सुरुवात केली. एक गृहस्थ तरुणपणापासून तंबाखू मळत आले होते, त्यांना तोंडाचा. दुसरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना प्रोस्टेटचा. तिसऱ्या बाई इथे राहायला आल्या त्याच मुळी उपचारासाठी. बाईंनी अर्ज परत दिला.

चेअरमन चिडले. "म्हणजे तुम्ही कंपनीच्या बाजूच्या?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही. टॉवर नको असेल तर भाडं परवडत नाही म्हणा. गच्ची गळते म्हणा. गच्ची खरंच गळते."

सभा तिथेच मोडली. मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे पुढचे दोन महिने लोक त्यांच्यावरचा राग माझ्यावर काढत होते. आणि दुसऱ्याच दिवशी बाई सातव्या मजल्यावर. त्या तिन्ही घरांचे गोल-चौकोन काढून आल्या. त्या घरांनी त्यांना चहासुद्धा दिला. हे मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या प्रकरणात चूक माझीच. दादरला एका हॉलमध्ये आमच्या कुळाचं संमेलन होतं. तिथे कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ प्रकाशित होणार, हे मी लिफ्टमध्ये बोलून गेलो. बाई माझ्याआधी हॉलवर. ग्रंथ विकत घेऊन त्या मागच्या रांगेत वाचत बसल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "पुस्तकावर मेहनत खूप आहे. पण पान एकशे बारावर लिहिलंय, 'तीन कन्या, विवाहित'. त्यांची नावं?" अध्यक्ष म्हणाले, कन्या दुसऱ्या कुळात गेल्या, त्या त्या कुळाच्या वृत्तांतात सापडतील. बाई म्हणाल्या, "तिथे 'पत्नी' म्हणून सापडतात. कुणाच्या मुली ते नसतं. म्हणजे ही बाई दोन पुस्तकांत आहे आणि एकातही नाही." लोक हसले. कुणीतरी मला विचारलं, ह्या तुमच्या कोण. मी म्हणालो, शेजारी.

आता माझ्या घराचं.

माझी धाकटी बहीण वंदना गिरगावात असते. खोताच्या वाडीच्या अलीकडे तिचं घर. वडील जाण्याच्या दोन वर्षं आधी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, ती बरी झाली. आम्ही बाहेर सांगितलं ते गर्भाशयाचं ऑपरेशन असं. कारण तिची मुलगी तन्वी लग्नाची होती. खरं काय ते इमारतीत एकट्या साळवीबाईंना माहीत होतं, कारण रुग्णालयातून मीच धावत त्यांच्याकडे गेलो होतो. हे सांगायला हवं की त्यांच्या तोंडून ते कधी कुठे बाहेर पडलं नाही. दुसऱ्याचं मरण त्या भर पंगतीत विचारायच्या, पण कुणाचं काही कुणाला सांगायच्या नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी त्या पत्रिका आणि पेन्सिल घेऊन घरी आल्याच. मी सांगितलं, वडिलांना दोन बहिणी. एक यमी. वडील कायम म्हणायचे, आमची यमी छातीच्या दुखण्याने तरुणपणी गेली. दुसरी रमा, माहीमला दिलेली. आई सांगायची, रमावन्सं गाठीने गेल्या. दोघी माझ्या जन्माआधी गेलेल्या. बाईंनी दोन गोल काढले, दोन्ही भरले, दोन्हींवर रेघ मारली. मग विचारलं, कुठल्या वर्षी, कितव्या वर्षी? मला माहीत नव्हतं.

"तारीख नाही, वय नाही. सावंत, तुम्ही विमा कंपनीत करता काय?"

मग त्यांनी पेन्सिल खाली आणली आणि वंदनाच्या भरलेल्या गोलाशेजारच्या एका चौकोनावर टेकवली. तो मी होतो. माझ्याखाली एक रिकामा गोल होता. माझी मुलगी मुक्ता.

मी म्हणालो, "माझा काय संबंध? मी पुरुष आहे."

"हो. म्हणून तर चौकोन काढलाय. वडिलांकडून आलेलं मुलाकडेही येतं, मुलाकडून त्याच्या मुलीकडे जातं. तुम्हाला बहुधा काही होणार नाही. तुम्ही फक्त पोचवाल."

त्या रात्री मी जेवलो नाही. अलकाला कारण ॲसिडिटीचं सांगितलं.

बाईंचं म्हणणं असं होतं की आजारी पडलेल्या माणसाच्या रक्तापासून सुरुवात करायची. वंदनाची तपासणी झाली आणि त्यात काही सापडलं, तर मग माझी, मग मुलींची. मी गिरगावात जाऊन वंदनाला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, तन्वीचं जमत आलंय, मुलगा ठाण्याचा आहे, माणसं चांगली आहेत, सुपारी फुटू दे, लग्न लागू दे, मग बघू. माझं रक्त कुठल्या बाटलीत गेलं की नाव फुटणार. मी म्हणालो, नाव फुटत नाही, तिथे नंबर असतो. ती म्हणाली, "दादा, नंबर मुंबईत असतो. पाहुणे ठाण्यात असतात."

मी परत आलो आणि बाईंना म्हणालो, तुम्ही तिला सांगा. त्या नाही म्हणाल्या. तपासणी काय असते, काय कळतं, काय कळत नाही, हे सगळं त्या समजावून सांगतील. पण कर असं म्हणणार नाहीत, नको असंही नाही.

"तुमची बहीण असती तर काय सांगितलं असतं?"

"मला बहीण नाही."

"समजा असती."

"समजा, तिने ऐकलं नसतं."

मी घरी येऊन दार जरा जोरात लावलं. अर्ध्या तासाने बेल वाजली. त्यांना रमाआत्याची मुलगी कुठे राहते, ते हवं होतं.

रमाआत्याची मुलगी म्हणजे कुंदाताई. माहीमला जुन्या घरात राहते, सत्तरी ओलांडलेली, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. आम्ही गेलो तेव्हा ती कोकमाची सोलं निवडत होती. घरात मालवणी, बाहेर मुंबईचं मराठी, अशी तिची वाटणी आहे, आणि पाहुणा आवडला की घरातली भाषा बाहेर येते. बाईंनी पत्रिका उलटी केली, रमाचा गोल दाखवला आणि विचारलं, आई गेली तेव्हा वय काय होतं? एकोणचाळीस. मग त्यांनी शेजारच्या गोलावर पेन्सिल नेली. "आणि ही यमी, तुमची मावशी. ही कधी गेली?"

कुंदाताई माझ्याकडे बघू लागली. "मावशी खंयची? माका मावशी नाय."

मी म्हणालो, "अगं, बाबांची बहीण. यमी."

"अरे मोहन, यमी म्हणजे माझी आवसच. म्हायेरचा नाव यमुना. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीन रमा लिवल्यानी. तुझो बापूस तिका शेवटपर्यंत यमीच म्हणायचो. तुझ्या आवशीन बघल्यान ती रमाच."

वडील यमी म्हणायचे, आई रमावन्सं म्हणायची. दोघांपैकी कुणीही चुकीचं बोललं नव्हतं. पन्नास वर्षं माझ्याकडे दोन आत्या होत्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नोंदींमधल्या दुबार रकमा शोधल्या होत्या.

बाईंनी खोडरबर काढलं आणि यमीचा गोल शांतपणे पुसून टाकला. मला हे कबूल करायला हवं की मला आनंद झाला. मी म्हणालो, "म्हणजे एक कमी झाली. घरात दोनच. वंदना आणि आत्या. मग इतकं काही नाही."

"एक कमी झाली," त्या म्हणाल्या, आणि कागदावरचा चुरा फुंकून त्यांनी कुंदाताईला विचारलं, "तुमचं स्वतःचं?"

कुंदाताई सोलं निवडत राहिली. मग म्हणाली, गिरण्यांच्या संपानंतर मी चार महिने गावी होते, आठवतं ना रे? मला आठवत होतं. शेतीचं काम निघालं होतं. ती म्हणाली, शेती कसली. मुंबईतच होते, रुग्णालयात. एक बाजू काढली. नवऱ्याला माहीत, सासूला माहीत, बस. तीन मुली होत्या. तिघींची लग्नं व्हायची होती.

मला तोंड वर करवेना. बाईंनी मघाच्या पुसलेल्या जागेच्या खाली, कुंदाताईच्या गोलात, पेन्सिल फिरवली. एक खोडली होती, एक भरली.

मग कुंदाताईने विचारलं, आज अचानक हे कशाला? मी बाईंकडे पाहिलं. त्या तोंड उघडणार नव्हत्याच. मीच वंदनाचं सांगितलं. कुंदाताईच्या हातातलं सोल तसंच राहिलं.

"वंदनाक? कधी?"

"दोन वर्षं झाली."

"आणि माका कोणी सांगूक नाय." तिने सोल खाली ठेवलं. मग अगदी सरळ मराठीत म्हणाली, "मी लपवलं, म्हणून तिला कळलं नाही. कळलं असतं तर ती दर वर्षी दाखवून आली असती. आता ती लपवते आहे. तन्वीला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी कुंदाताई एकटी टॅक्सी करून गिरगावात गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, वंदना सांगत नाही. त्या आठवड्यात वंदनाने रक्त दिलं. आणि तन्वीने कुणालाही न विचारता ठाण्याच्या मुलाला सगळं सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, ठीक आहे. मुलाच्या आईचा फोन मात्र बंद झाला. तोवर रोज यायचा.

पुढचे दिवस आमच्या घरात कसे गेले ते लिहीत नाही. मुक्ता ऑफिसला जायची, यायची, आणि मी तिच्याकडे बघतोय हे तिला कळलं की चिडायची. शेवटी रिपोर्ट आला. मी तो हातात धरून बाईंच्या दारात उभा. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"जनुकात एक बदल सापडलाय," त्या म्हणाल्या. "त्याचा अर्थ माहीत नाही."

"कुणाला माहीत नाही?"

"कुणालाच."

मी आयुष्यात बाईमाणसावर आवाज चढवलेला नाही. तेव्हा चढवला. म्हणालो, इतक्या लोकांचे जीव टांगणीला लावून, एका पोरीचं जमलेलं लग्न अडकवून, अर्थ माहीत नाही म्हणजे काय? मग तपासता कशाला? त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ज्या लोकांच्या रक्तावरून जग हे बदल ओळखायला शिकलं, ते आपल्यासारखे नव्हते. आपल्याकडचे निम्मेअधिक बदल त्यांच्या यादीतच नाहीत. असला बदल साधा निघू शकतो, घातकही निघू शकतो. "म्हणून मी तुमच्या तेराव्याला येते, सावंत. जेवायला नाही येत."

कुंदाताईने रक्त दिलं. तिलाही तो आजार झालेला, म्हणून तिच्यात तोच बदल आहे का, हे बघायचं होतं. पुन्हा वाट बघणं आलं. या वेळी बाई स्वतः आल्या, सकाळी, आम्ही पोहे खात असताना. बसल्या नाहीत. म्हणाल्या, कुंदाताईंमध्ये तो बदल नाही. म्हणजे वंदनातला तो बदल बहुधा निरुपद्रवी आहे.

अलकाने देवाला हात जोडले. मुक्ता आत निघून गेली आणि बेसिनचा नळ बराच वेळ चालू राहिला. मी बाईंना म्हणालो, उपकार झाले, बसा, पोहे घ्या.

त्या म्हणाल्या, "पण घरात तिघी आहेत. तिघी चाळिशीच्या आसपास. काहीतरी असावं. ते हे नव्हे, एवढंच कळलं. अजून माणसं लागतील, वेळ लागेल. तोवर तन्वीने, मुक्ताने, कुंदाताईंच्या मुलींनी, सगळ्यांनी वेळच्या वेळी दाखवत राहायचं. आणि कुणी कुणापासून लपवायचं नाही."

मला तो आनंद पाच मिनिटं तरी पुरवून खायचा होता. त्यांनी तो पोह्यांच्या बशीएवढाही टिकू दिला नाही. पण मुक्ता आणि तन्वी त्या वर्षापासून जाऊन येतात. दोघी मिळून जातात आणि येताना लालबागला चिवडा घेऊन येतात.

तन्वीचं लग्न झालं. त्याच मुलाशी. त्याच्या आईचा फोन पुन्हा सुरू झाला, पण रुखवत, मानपान, वेळ, यापलीकडे ती बोलत नव्हती, आणि आम्ही सगळे तिच्याशी शब्द तोलून बोलत होतो. लग्नानंतर दोन महिन्यांनी साळवीबाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे लांज्याला गेल्या. त्यांची जागा भाड्याने दिली आहे. नवीन बिऱ्हाड चांगलं आहे, पत्रिका मागत नाही. त्यामुळे बाई मला दिसतात त्या त्या लग्नातल्या, दादरच्या हॉलमधल्या.

मी त्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं. बाई, उद्या कुणाला काही विचारायचं नाही. जेवायचं, आहेर द्यायचा, घरी यायचं. त्यांनी शब्द दिला होता. आणि जेवणं उरकल्यावर मी पाहतो तर कोपऱ्यात दोन खुर्च्या जोडून बाई बसलेल्या, मांडीवर आमचीच लग्नपत्रिका उलटी, आणि शेजारी मुलाची आई, आमच्या विहीणबाई, पैठणीच्या पदराने चेहरा पुसत होत्या. मी तरातरा गेलो.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "मी विचारलेलं नाही. त्या आपणहून आल्या."

विहीणबाई माझ्याकडे न बघता सांगत राहिल्या. मुलाने तन्वीचं सांगितलं तेव्हा फोन करवेना, कारण तेच आपल्या माहेरी आहे आणि आपण ते पंचवीस वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुमच्याशी कुठल्या तोंडाने बोलायचं. आई त्यानेच गेली. आईच्या दोन बहिणीही. एक शांता, आजोबा तिच्या आठवणी काढायचे, आमची शांता म्हणायचे. आणि एक सुमती, साताऱ्याला दिलेली, तीही छातीच्याच दुखण्याने.

बाईंनी दोन गोल काढले. मंडपवाला खुर्च्या उचलायला आला होता, मला हिशेबाला बोलावत होता, आणि मी निघायला वळलोही होतो.

"विहीणबाई," मी म्हणालो, "सुमतीचं माहेरचं नाव काय?"

साळवीबाईंनी वर पाहिलं नाही. पायाने एक रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि खोडरबर काढून पत्रिकेवर ठेवलं.